कानाखाली आवाज

कुत्रा पाळणाऱ्यांचे सरळ दोन गट पडतात. पहिल्या गटानं आपल्या कुत्र्याच्या कानाचा वास आजवर कधी घेतलेलाच नाही. दुसऱ्या गटानं घेतलाय, आणि आता ती मंडळी जेवताना हा विषय काढू देत नाहीत.

हसू नका, मी सीरियसली बोलतेय. आपल्या पिढीनं कुत्र्यांचे काय कमी लाड केलेत? बर्थडेला केक, पावसाळ्यात रेनकोट, आपण स्वतःसाठी कधी घेणार नाही इतका महागडा शॅम्पू, आणि वर आपल्या आडनावासकट इन्स्टा अकाउंट. पण कानाचा विषय निघाला की सगळे कानाडोळा करतात. नाहीतर थेट दुसरं टोक. रविवार आला की इअरबड्सचं पाकीट उघडायचं आणि कुत्र्याला दोन पायांत पकडून बसायचं. दोन्हींत नुकसान त्या बिचाऱ्याचंच.

तर आजचा फंडा आधीच सांगून टाकते. चांगला कान फारसा साफ करावा लागत नाही, आणि बिघडलेला कान नुसता साफ करून बरा होत नाही.

याचं कारण कानाच्या बांधणीत आहे. आपल्या कानाची नळी साधारण सरळ आत जाते आणि इंचभरातच पडद्याला भिडते. कुत्र्याच्या कानाची नळी इंग्रजी 'एल' अक्षरासारखी असते. आधी सरळ खाली उतरते, मग वळून आत पडद्यापर्यंत जाते. जुन्या चाळीतला जिना आठवा, मध्ये लँडिंग असलेला. त्यामुळे तुम्ही मोबाइलचा टॉर्च कितीही मारलात तरी लँडिंगच्या पुढचं काही दिसत नाही. डॉक्टरांकडे ऑटोस्कोप असतो तो उगाच नाही.

या जिन्याची झाडलोट निसर्गानंच लावून दिलेली आहे. नळीच्या आतली कातडी अतिशय सावकाश, पडद्याकडून बाहेरच्या दिशेनं सरकत असते. तिच्याबरोबर मेलेल्या पेशी आणि मळही बाहेर येतो. एअरपोर्टवरच्या सरकत्या पट्ट्यासारखं, फक्त स्पीड सरकारी फाइलचा. इअरबड आत घातला की आपण पट्ट्यावरचं सामान उलटं आत ढकलतो. ते लँडिंगपाशी साचतं आणि घट्ट होतं. वर घासून घासून आतली नाजूक कातडी सोलवटते. ओलावा, ऊब, अंधार आणि सोललेली कातडी! बॅक्टेरियांना आणखी काय हवं?

त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबईत आपले टॉवेल धड वाळत नाहीत, तिथे कॉकर स्पॅनिअलचे ते वेण्यांसारखे लोंबणारे कान काय वाळणार? आणि लॅब्रॅडॉरला डबकं दिसलं की तो मालकाची परवानगी मागायला थांबत नाही. लोंबत्या कानाखाली हवा खेळत नाही, हा आपल्या आज्यांचा नव्हे, संशोधकांचा मुद्दा आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या टीमनं ब्रिटनमधल्या बावीस हजारांहून जास्त कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका वर्षात ७.३ टक्के कुत्र्यांना बाहेरच्या कानाचा त्रास झालेला दिसला. उभ्या कानवाल्यांच्या तुलनेत लोंबत्या कानवाल्यांना हा धोका साधारण पावणेदोनपट. यादीत सगळ्यांत वर बॅसेट हाउंड आहे, पण वरच्या नावांत बीगल आणि गोल्डन रिट्रिव्हरही आहेत, आणि ही दोन मंडळी आपल्या सोसायट्यांमध्ये हल्ली ढिगानं दिसतात. हे सगळं ब्रिटनच्या हवेतलं. आपल्या ऑगस्टचा अंदाज तुम्हीच बांधा.

आपला देशी कुत्रा या बाबतीत नशीबवान. उभे कान, आखूड केस, वारा आरपार. पण उभे कान म्हणजे गॅरंटी कार्ड नव्हे. जर्मन शेफर्डचे कान कसे ताठ असतात, तरी कान घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांच्या रांगेत तोही असतोच. कारण कानाचं दुखणं पुष्कळदा कानात सुरूच होत नाही. ते कातडीत सुरू होतं.

कानाची नळी म्हणजे तरी काय, आत वळलेली कातडीच. कुत्र्याला धुळीतल्या माइट्सची, परागकणांची किंवा खाण्यातल्या एखाद्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असेल, तर तो पंजे चाटतो, पोट खाजवतो, आणि कान लाल होतात. कधीकधी तर नुसते कानच. यीस्ट आणि बॅक्टेरिया थोड्या प्रमाणात तिथे कायमचेच राहायला असतात. सुजेमुळे कान गरम आणि ओला झाला की त्यांची चंगळ होते. आपण ड्रॉप्स घालून त्यांना हाकलतो, आणि ज्यानं दार उघडं ठेवलं ती अ‍ॅलर्जी आरामात बसलेली असते. म्हणून तर काही कुत्र्यांचा कान दर दोन महिन्यांनी 'परत' बिघडतो. तो परत बिघडत नसतो, तो मुळात बरा झालेलाच नसतो.

माझ्या एका मैत्रिणीचा लॅब आहे, ब्रूनो. ठाण्यात राहतो. मैत्रीण आणि तिचा नवरा दोघंही आयटीत. दर पावसाळ्यात ब्रूनोच्या कानाला वास यायचा. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले आणि दोन आठवडे घाला, मग दाखवायला आणा, असं सांगितलं. चौथ्या दिवशी वास गेला, सहाव्या दिवशी ड्रॉप्स बंद. बाटली फ्रिजच्या दारात, टोमॅटो सॉसच्या शेजारी. पुढच्या पावसाळ्यात तीच बाटली. त्याच्या पुढच्या वर्षी तिचा फोटो दाखवून केमिस्टकडून नवी. अशी चार वर्षं. मध्ये रोज ऑफिसला निघण्याआधी वाइप्सनं कान पुसणं चालूच, त्यामुळे बाहेरून कान एकदम चकाचक.

मग ब्रूनो बदलला. डोक्यावरून हात फिरवू देईना. पाहुणे आले की डायनिंग टेबलाखाली जाऊन बसायचा. एका संध्याकाळी लिफ्टपाशी एका छोट्यानं लाडानं त्याच्या गळ्यात हात टाकला आणि ब्रूनोनं दात लावले. रक्त आलं नाही, पण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या रात्री जे काही झालं, ते वाचून मलाच घाम फुटला. दोन दिवसांत कमिटीचं पत्र. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चावरा झालाय तो. देऊन टाका एखाद्या फार्महाउसवर." आपल्याकडे 'फार्महाउसवर दिला' याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहितीये. मैत्रिणीलाही माहीत होतं.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी ट्रेनर बोलावला. त्यानं दहा मिनिटं ब्रूनोकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हा डाव्या बाजूनं कुणालाच जवळ येऊ देत नाहीये. आधी याचा कान दाखवून या, मग मला फोन करा."

दवाखान्यात मी सोबत गेले होते. डाव्या कानाला हात लागताच ब्रूनो असा केकाटला की बाहेर बसलेल्या मांजरी पिंजऱ्यात मागे सरकल्या. भूल दिल्याशिवाय तपासताच येईना. नळी सुजून इतकी अरुंद झालेली की ऑटोस्कोपचं टोक आत शिरत नव्हतं. कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया. महाचिवट प्रकार. रिपोर्टवरच्या निम्म्याअधिक अँटिबायोटिक्सना तो दाद देत नव्हता. उजवा कान अडीच महिन्यांच्या ट्रीटमेंटनं सुटला. डावा नाही. चार वर्षं सुजत राहिल्यानं ती नळी हाडासारखी कडक झाली होती, तिथपर्यंत औषध पोचायला वाटच उरली नव्हती. शेवटी ऑपरेशन करून अख्खी नळी काढून टाकावी लागली. चेहऱ्याची नस अगदी तिथूनच जाते, त्यामुळे हे काम प्रत्येक दवाखान्यात होत नाही. बिल पाहून नवऱ्यानं बाइकचा प्लॅन गुंडाळला. डाव्या बाजूनं ब्रूनोला आता जवळजवळ ऐकू येत नाही.

आणि मूळ कारण? चिकन. आठ आठवडे चिकन पूर्ण बंद करून वेगळं खाणं दिलं, तर खाज थांबली. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुद्दाम चिकन देऊन पाहिलं, चार दिवसांत पंजे चाटणं सुरू. चार वर्षं त्याला रोज, प्रेमानं, उकडलेलं चिकन आणि भात मिळत होता!

म्हणजे ब्रूनो चावरा-बिवरा काही झाला नव्हता. त्याचा कान ठणकत होता. तुमची अक्कलदाढ दुखत असताना त्याच गालावर कुणी लाडानं चापटी मारली, तर तुम्ही काय कराल? ऑपरेशननंतर महिन्याभरात तो पुन्हा लिफ्टमध्ये सगळ्यांना शेपटी मारत उभा. ट्रेनरला फोन करायची वेळच आली नाही.

मग वेळेवर ओळखायचं कसं? आठवड्यातून एकदा दोन मिनिटं द्या. कानाची पाळी उलटा, उजेडात बघा आणि हो, नाक जवळ न्या. चांगला कान आतून फिकट गुलाबी आणि कोरडा असतो, वास जवळपास नसतो. थोडासा फिकट तपकिरी मळ असला तर असू द्या. आपल्या कुत्र्याचा नॉर्मल वास एकदा नाकात बसला की बदल झाल्याचं लगेच कळतं. चॉकलेटी, तेलकट मळ आणि आंबूस-गोडूस, फुगलेल्या पिठासारखा वास, ही बहुतेक वेळा यीस्टची करामत. कॉफीच्या चोथ्यासारखे काळे कण दिसले आणि पिल्लू नुकतंच घरी आलं असेल, तर कानातल्या माइट्सचा संशय घ्या. ते घरातल्या मांजराकडे आणि दुसऱ्या कुत्र्याकडेही जातात, त्यामुळे ट्रीटमेंट सगळ्या गँगची. अर्थात हे अंदाज आपले, घरबसल्याचे. पक्कं कळतं ते डॉक्टर कानातला मळ काचेच्या पट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात तेव्हा. कुणी कानात न डोकावता, मळ न तपासता थेट ड्रॉप्स लिहून देत असेल, तर बिनधास्त विचारा, "डॉक्टर, स्लाइड बघायची का एकदा?" यात कुणाचा अपमान होत नाही.

पिवळा-हिरवा पू, तिरकी मान, चालताना जाणारा तोल, यांपैकी काहीही दिसलं तर मीटिंग कॅन्सल करा आणि त्याच दिवशी जा. मान तिरकी झाली म्हणजे मामला पडद्याच्या आत पोचला असण्याची शक्यता असते. कानाची पाळी फुग्यासारखी फुगली असेल, तर डोकं झटकून झटकून आतली रक्तवाहिनी फुटून रक्त साचलेलं असतं. घरी सुई टोचायचा उद्योग नको. मुंबईकरांना 'मोठं हॉस्पिटल कुठे' हा प्रश्न तरी पडू नये. परळचं बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज १८८६ पासूनचं आहे, आणि महालक्ष्मीला टाटांचं स्मॉल अ‍ॅनिमल हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय.

पुणेकरांसाठी एक खास गोष्ट. पाऊस संपला की टेकडीवरून येताना तुमच्या मोज्यांत कुसळं घुसतात ना? तीच कुत्र्याच्या कानात जातात. कुसळाची रचनाच अशी की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. टेकडीवर जाईपर्यंत कुत्रा ठणठणीत आणि घरी आल्यावर अचानक एकाच कानाची झटकाझटक, तर कुसळ असू शकतं. दिसत नसेल तर शोधत बसू नका. गोचिडीचंही तेच. पाळीच्या घडीत दिसली तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढून काढा, आत नळीत असेल तर दवाखाना. आणि महिन्याचं गोचिडीचं औषध चुकवू नका, टिक फीवर हा कानापेक्षा कितीतरी मोठा लोचा आहे.

आता तेल. आजीच्या विरोधात लिहिताना हात जड होतो, पण लसूण घालून कढवलेलं तेल कुत्र्याच्या कानात प्लीज घालू नका. यीस्टला चरबी प्रिय असते, म्हणजे आपण त्याला जेवायलाच बोलावतो. वर लसणीनं आधीच लाल झालेली कातडी आणखी चुरचुरते. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं म्हणून भारी वाटतं, पण त्यानंही आग होते. स्पिरिट आणि व्हिनेगरबद्दल वेगळं सांगायला नको, तुमच्या कापलेल्या बोटावर एकदा टाकून बघा. शिझू आणि पूडलवाल्यांनी सलूनमध्ये आधीच सांगून ठेवायचं, "कान चांगला आहे, आतले केस उपटू नका." सगळ्याच कुत्र्यांना ते मानवत नाही, उपटल्यावर सूज येऊ शकते.

फ्रिजच्या दारातल्या त्या बाटलीचं मात्र खरंच टेन्शन घ्या. कानाच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स असतात. पडदा शाबूत असेल तर ठीक. तो फुटलेला असेल तर हेच औषध आतल्या कानापर्यंत पोचून ऐकू येणं आणि तोल दोन्ही बिघडवू शकतं. पडदा फुटलाय की नाही, हे तुम्हाला आणि केमिस्टला बाहेरून कळत नाही. आणि दिलेला कोर्स पूर्ण करायचा, वास गेला तरी. शेवटी दाखवायला न्यायचं, कारण कान बरा झाला हे नाकानं नाही, मायक्रोस्कोपनं ठरतं.

हे सगळं वाचून कान साफ करायचाच नाही असं ठरवू नका. लोंबत्या कानांचा कुत्रा असेल, पोहून किंवा आंघोळ करून आला असेल, किंवा थोडा मळ दिसत असेल, तर करायचा. किती दिवसांनी, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. कुणाला आठवड्यानं लागतं, कुणाला महिन्यानं, आणि एखाद्या देशी कुत्र्याला वर्षभर नाही लागलं तरी आश्चर्य नको. रोज मात्र कुणालाच नको. सतत ओला राहिलेला कान जास्त बिघडतो.

लागतं काय? डॉक्टरांनी सांगितलेलं इअर क्लीनर, कापूस, जुना टॉवेल. जागा बाथरूमच, कारण पुढे जे होणार आहे ते तुमच्या नव्या सोफ्यावर झालेलं तुम्हाला आवडणार नाही. बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात धरा. गार पाणी कानात गेलं की गरगरतं, आणि मग पुढच्या वेळी बाटली दिसताच साहेब पलंगाखाली. पाळी हलकेच वर धरायची, बाटलीचं टोक कानाला न टेकवता कान काठोकाठ भरायचा. घाबरू नका, थेंब-थेंब घालून लँडिंगच्या पुढे काही पोचत नाही. मग कानाच्या बुडाशी बोटं ठेवून वीस-तीस सेकंद चोळायचं. आतून पचक-पचक असा आवाज यायला लागतो. कुत्र्याच्या कानाखाली काढायचा असा हा एकच आवाज!

आता टॉवेल आडवा धरा आणि सोडा त्याला. तो मनापासून डोकं झटकेल, आणि त्या झटक्यानं आतला मळ वर येतो. तुमचं निम्मं काम तोच करतो. मग बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तेवढंच पुसायचं. कापूस खराब निघाला तर आणखी एकदा. मध्येच तो कळवळला तर तिथेच थांबायचं आणि अपॉइंटमेंट घ्यायची.

पिल्लू असेल तर तुमची लॉटरी आहे, सगळं आत्ताच शिकवून ठेवता येतं. पहिला आठवडाभर बाटली कपाटातच राहू दे. कानाला हात, लगेच खाऊ. पाळी उलटली, खाऊ. मग नुसती बाटली दाखवायची, खाऊ. मग झाकण उघडल्याचा आवाज, खाऊ. मग एकदाच थोडंसं क्लीनर. मोठ्या कुत्र्यालाही हे जमतं, फक्त आठवड्याच्या जागी महिना धरा. खाऊ म्हणून पनीरचे बारीक तुकडे मस्त चालतात, पण दुधाची अ‍ॅलर्जी असणारे कुत्रेही असतात, तेव्हा तेवढं आधी डॉक्टरांना विचारून घ्या.